न लागलेली आग

गावातलं टॉकीज बंद पडून अकरा वर्षं झाली होती आणि आता ते पाडायचं ठरलं होतं. बंद होतं तोवर कुणाला त्याची आठवण येत नव्हती. पाडणार म्हटल्यावर मात्र ते सगळ्या गावाला आठवू लागलं. लोक मुद्दाम वाट वाकडी करून त्याच्यासमोरून जाऊ लागले, कुलूप हलवून बघू लागले, आणि ज्यांनी आयुष्यात तिथे दोनच सिनेमे पाहिले होते तेही 'आमचं टॉकीज' म्हणू लागले.

वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी मग टॉकीजचा इतिहास लिहायला घेतला. बाई गावात नवीन, म्हणजे सहा वर्षांपूर्वी आलेल्या. त्यांना स्वतःची अशी काही आठवण नव्हती, त्यामुळे काम त्यांच्याकडेच आलं. त्यांनी वाचनालयाच्या दाराशी पुठ्ठ्याचं एक खोकं ठेवलं आणि वर लिहिलं, 'टॉकीजची आठवण लिहून यात टाका.'

महिन्याभरात त्र्याऐंशी चिठ्ठ्या जमल्या. त्यातल्या दोन वाचनालयाचा पंखा दुरुस्त करण्याविषयी होत्या. एकीवर नुसतंच 'होय' लिहिलं होतं. उरलेल्यांपैकी चौपन्न चिठ्ठ्या आगीविषयी होत्या.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी, दुपारी तीनच्या खेळाला, टॉकीजला आग लागली होती. आधी पडदा पेटला की छत, यावर चिठ्ठ्यांचं एकमत नव्हतं. सिनेमा कोणता चालू होता, याची नऊ वेगवेगळी नावं आली होती. ज्वाळा कुणी पुरुषभर पाहिल्या होत्या, कुणी बाल्कनीपर्यंत. पण एका बाबतीत सगळं गाव एका सुरात बोलत होतं: चारशे माणसं होती आणि ती सगळी बॅटरीने बाहेर काढली. एकालाही खरचटलं नाही.

बॅटरी म्हणजे टॉकीजचा डोअरकीपर. तिकीट फाडायचं, अंधारात बॅटरी मारून खुर्ची दाखवायची, पुढच्या खुर्चीवर पाय ठेवणाऱ्याच्या पायावर उजेड धरून तो खाली घेईपर्यंत उभं राहायचं, हे काम त्याने सदतीस वर्षं केलं. आईबापांनी ठेवलेलं नाव लग्नाच्या पत्रिकेपुरतं वापरलं गेलं. सासूसुद्धा त्याला बॅटरीराव म्हणायची. चेहरा असा की त्यावरची रेष हलायची नाही. सिनेमात आई मेली तरी तोच, नायकाला मुलगा झाला तरी तोच. आता एकाहत्तरीचा होता, गुडघे कुरकुरत होते, पण चेहरा होता तसाच होता.

ग्रंथपालबाईंनी त्याला वाचनालयात बोलावलं. टेबलावर चौपन्न चिठ्ठ्यांचा गठ्ठा रबर लावून ठेवला होता.

"काका, टॉकीज पाडायच्या आधी तिथेच एक कार्यक्रम घ्यायचा आहे," बाई म्हणाल्या. "तुमचा सत्कार आहे. मानपत्र लिहून तयार आहे. फक्त आग नेमकी कशाने लागली, तेवढं कळलं तर बरं. लोक वेगवेगळं सांगतात."

बॅटरीने गठ्ठ्याकडे पाहिलं. "आग लागली नव्हती," तो म्हणाला.

"म्हणजे किरकोळ होती?"

"नव्हतीच."

बाईंनी वहीत 'किरकोळ' लिहिलं होतं, ते खोडलं. मग पेन खाली ठेवलं. "आणि या चौपन्न चिठ्ठ्या?"

"त्यांची काय चूक," बॅटरी म्हणाला. "त्यांना मीच सांगितलं होतं आग लागली म्हणून."

बाईंनी वाचनालयाचं दार लोटून घेतलं, आणि बॅटरीने पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली.

त्या काळी सिनेमाची एकच प्रत दोन गावांत चालायची. शेजारच्या गावातल्या टॉकीजमध्ये खेळ पाऊण तास आधी सुरू व्हायचा. तिथलं रीळ संपलं की ते डब्यात घालून एक माणूस सायकलवरून इकडे आणायचा. तो दर वेळी वेळेवर यायचा, म्हणून तो कधी येणार नाही असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्या दिवशी शेवटच्या रिळाचा डबा आला नाही.

टॉकीजचा मॅनेजर एरवी बरा माणूस होता, पण भेदरट. चार महिन्यांपूर्वी असंच एकदा मशीन बिघडलं होतं, तेव्हा लोकांनी दोन रांगा खुर्च्या मोडून काढल्या होत्या आणि मॅनेजरचा चष्मा पायाखाली घेतला होता. तेव्हापासून पडदा क्षणभर काळा झाला तरी त्याची पाचावर धारण बसायची. तो घाम पुसत बोळात आला आणि बॅटरीचा दंड धरून म्हणाला, "रीळ आलं नाही. चालू आहे ते आठ मिनिटांत संपेल. आत जा आणि आग लागली म्हणून सांग."

"कुठे?" बॅटरीने विचारलं.

"कुठे म्हणजे काय? आत."

"नाही, आग कुठे लागली म्हणून सांगू?"

मॅनेजरने डोकं खाजवलं. "ते कुणी विचारत नाही," तो म्हणाला.

बॅटरी तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. नोकरीला तीन वर्षं झाली होती. मॅनेजरला नाही म्हणता येतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मात्र त्याने एक केलं. बोलायच्या आधी चारही दारं उघडली. तीन पटकन उघडली. चौथ्याचा कोयंडा गंजला होता, तो हातातल्या बॅटरीच्या बुडाने ठोकून ठोकून काढला. दारावरचे पडदे वर करून खिळ्याला अडकवले. ऑपरेटरला सांगून दिवे लावायला लावले. मग पडद्यासमोर जाऊन उभा राहिला, आणि पाय खाली घ्या म्हणून सांगायचा त्याच आवाजात म्हणाला, "मंडळी, आग लागली आहे. पुढच्या रांगांनी पुढच्या दारांनी जायचं, मागच्यांनी मागच्या. लहान मुलं उचलून घ्या. चेंगराचेंगरी करू नका, वेळ आहे."

लोक उठले. आग लागली आहे हे इतक्या थंडपणे सांगणारा माणूस खोटं बोलत असेल, अशी शंका कुणाला आली नाही. एकाने जाताजाता विचारलं, "मग शेवट?"

"उद्या," बॅटरी म्हणाला.

पाच मिनिटं सगळं ठीक चाललं होतं. मग मॅनेजरला वाटलं, आगीला काही पुरावा हवा. त्याने मागच्या अंगणात जुनी पोस्टरं पेटवून दिली. वारा नेमका आतल्या बाजूला होता. धुराचा एक लोट मागच्या दारातून आत आला, कुणीतरी किंचाळलं, आणि तोवर रांगेने चाललेली माणसं एकदम दाराकडे लोटली. बॅटरीने लांबून पाहिलं. दारातल्या पायऱ्यांवर एक बाई पडली होती आणि तिच्या अंगावरून माणसं जात होती.

"मी घुसलो," बॅटरी बाईंना म्हणाला. "खांदा लावला, लोकांना मागे रेटलं, तिला उचलली. तिच्या घरच्यांनी तिला बाहेर नेलं. चाळिशीची असेल. नंतर मला ती कुठे दिसली नाही. मीही शोधली नाही."

"का?"

"सापडली असती तर?"

बाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाजूला सारला.

"लोकांनी मला खांद्यावर घेतलं," तो पुढे म्हणाला. "मॅनेजरने चारचौघांत पाठ थोपटली आणि कानात म्हणाला, तोंड उघडू नकोस. मी नाही उघडलं. मॅनेजर गेला, ऑपरेटर गेला. आता मीच उरलो. बाई, मी चारशे माणसं वाचवली नाहीत. मी त्यांचा जीव टांगणीला लावला. कुणी मेलं नाही, एवढंच. तुमच्या मानपत्रात ते लिहा."

बाईंनी वही बंद केली. "तुम्ही कार्यक्रमात तुमच्या तोंडाने सांगा," त्या म्हणाल्या. "माझं कुणी ऐकणार नाही. मी गावात नवीन आहे."

आता गावाला सांगायचं म्हणजे आधी बायकोला सांगणं आलं, आणि तिथेच घोडं अडलं. कारण त्याचं लग्न त्या आगीवरच जमलं होतं. ती तेव्हा बावीस वर्षांची, बहिणीबरोबर त्या खेळाला आलेली. आगीतून वाचली, आणि तीन महिन्यांनी तिच्या थोरल्या भावाने बॅटरीच्या घरी येऊन विचारलं, आमची बहीण तुमच्या मुलाला द्यायची म्हणतो. डोअरकीपरला मुलगी द्यायला एरवी कोण येतं? मुलगी म्हणते चारशे माणसं वाचवणारा माणूस आहे, भाऊ म्हणाला होता. पंचेचाळीस वर्षं बॅटरी त्या वाक्याच्या भरवशावर जेवत होता.

दोन दिवस तो घरात नुसता फिरत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको मटार सोलत बसली होती, तिच्यासमोर जाऊन बसला आणि पडद्यासमोर उभं राहावं तसा ताठ होऊन म्हणाला, "तुला एक सांगायचं आहे. त्या दिवशी आग लागली नव्हती."

"बरं," बायको म्हणाली. "त्या शेंगा इकडे सरकवा."

"अगं, कळतंय का तुला? आग नव्हती. मी खोटं बोललो."

"अहो, मला तेव्हाच ठाऊक आहे."

बॅटरीने शेंगा सरकवल्या.

"बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं, एक चप्पल आतच राहिली," ती म्हणाली. "मी परत दारात आले. तुम्ही आत एकटेच खुर्चीवर बसला होता, हात मांडीवर ठेवून. मी म्हटलं, माझी चप्पल राहिली. तुम्ही उठलात, बॅटरी लावली आणि एकेका रांगेखाली वाकून शोधायला लागलात. चांगली दहा मिनिटं. वर आणखी विचारलंत, पट्टा कुठल्या रंगाचा म्हणून. आग लागलेल्या घरात असं कुणी शोधतं का?"

"मग तू सगळ्यांना सांगितलं का नाहीस?"

"चप्पल शोधून दिली होती तुम्ही. आणि तुमचे हात लटपटत होते. खोटं बोलून ज्याचे हात लटपटतात, तो माणूस फार वेळा खोटं बोलणार नाही, असं मला वाटलं. दादाला तसं सांगून चाललं नसतं, म्हणून चारशे माणसांचं सांगितलं."

पंचेचाळीस वर्षं ज्या ओझ्याखाली तो वाकला होता, ते निम्मं तिच्याही डोक्यावर होतं आणि ती त्यासकट स्वयंपाक करत होती.

"आणि ती पडलेली बाई?" त्याने हळूच विचारलं.

बायकोचे हात थांबले. "ते मला नाही माहीत," ती म्हणाली. "कोण पडली?"

मग त्याने तेही सांगितलं. ते ऐकून मात्र ती 'बरं' म्हणाली नाही.

कार्यक्रम रविवारी सकाळी दहाला झाला. टॉकीजच्या आत वीज नव्हती, म्हणून दारं सताड उघडून ठेवली होती. निम्म्या खुर्च्या कुणी कुणी आधीच घरी नेल्या होत्या, त्यामुळे बरीच मंडळी उभी होती. छताखाली कबुतरं फडफडत होती. ग्रंथपालबाईंनी चार शब्द बोलून बॅटरीला पुढे बोलावलं. तो पुन्हा एकदा पडद्यासमोर उभा राहिला. पडदा नव्हता, मागे नुसती पांढरी भिंत होती.

"मंडळी," तो म्हणाला, "आग लागली नव्हती. शेवटचं रीळ आलं नाही म्हणून मॅनेजरच्या सांगण्यावरून मी खोटं बोललो. त्यात एक बाई पडली. मी कुणाला वाचवलं नाही. मला माफ करा."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळं टॉकीज टाळ्यांनी दणाणलं. कबुतरं घाबरून बाहेर उडाली.

"एवढं करून म्हणतो मी काहीच केलं नाही!" पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे पुसले. "असा माणूस आता मिळायचा नाही."

"अहो, खरंच नव्हती," बॅटरी म्हणाला. टाळ्या आणखी वाढल्या.

तेवढ्यात दवाखान्यातला जुना कंपाउंडर पुढे आला. त्याने शर्टाची बाही कोपराच्या वर चढवली आणि सगळ्यांना एक जुना डाग दाखवला. "जळतं लाकूड पडलं होतं इथे," तो म्हणाला. "हे काय मग?"

बॅटरीने डागाकडे पाहिलं. कंपाउंडर त्या दिवशी तीनच्या खेळाला नव्हता. तो बाराच्या खेळाला होता आणि घोरत होता म्हणून बॅटरीनेच त्याला दोनदा हलवलं होतं. पण पंचेचाळीस वर्षं माणूस ज्या डागाला जपतो, त्याविषयी चारचौघांत काय बोलायचं? बॅटरीने मानपत्र घेतलं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "सांगितलंत?" तो म्हणाला, "सांगितलं. नाही ऐकलं." तिने मानपत्र कपाटावर ठेवून दिलं, लिहिलेली बाजू खाली.

विश्वास एकट्या ग्रंथपालबाईंनी ठेवला. आठवड्याने त्या त्याच्या घरी आल्या. पिशवीतून एक चिठ्ठी काढून त्याच्यापुढे धरली. "ही गठ्ठ्यात तळाशी होती. तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. काल पुन्हा वाचली."

चिठ्ठी मुलीच्या हातची होती, आईने सांगून लिहून घेतलेली. 'आगीच्या दिवशी मी दारात पडले. पाय मोडला तो नीट बसला नाही, पण जीव वाचला. वाचवणाऱ्याला देव सुखी ठेवो.' खाली पत्ता होता. तीन गल्ल्या पलीकडचा.

बॅटरीने चिठ्ठी दोनदा वाचली. कार्यक्रमाच्या मानपत्रात छापलं होतं, एकालाही खरचटलं नाही.

"जा तुम्ही," बायको म्हणाली. "मी येत नाही. हे तुमचं तुम्ही करा."

म्हातारी अठ्ठ्याऐंशीची होती. खिडकीपाशी खाटेवर बसली होती, डावा पाय लांब करून. गुडघ्याखाली तो जरा बाहेरच्या बाजूला वळलेला होता. लेकीने बॅटरीला आत आणलं आणि पाणी आणायला गेली. बॅटरी उभाच राहिला. त्याने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी हळू आवाजात आणि अडखळत: रीळ, मॅनेजर, पोस्टरं, धूर. आग नव्हती. तुमचा पाय माझ्यामुळे गेला.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आग होती."

"नव्हती, आजी. मीच सांगतोय ना."

"तुला काय माहीत?" म्हातारी म्हणाली. "तू सगळा वेळ आमच्याकडे तोंड करून उभा होतास. आग तुझ्या पाठीमागे होती."

बॅटरीने नकळत मान वळवून मागे पाहिलं.

"मला धग लागली होती," ती म्हणाली. "या पायावर मी पंचेचाळीस वर्षं काढली. लेकीच्या लग्नात उभी राहिले, नवऱ्याचं आजारपण काढलं. पाय दुखला की म्हणायची, दुखू दे, त्याच्या बदल्यात जीव मिळालाय. आता तू येऊन सांगतोस, फुकट दुखला?"

बॅटरीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे झालं ते गावातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि लेक आत होती म्हणून तेव्हाही पाहिलं नाही. त्याची हनुवटी थरथरली. खाटेच्या कडेला हात टेकून तो खाली बसला आणि पोरासारखा रडला.

म्हातारीने त्याला रडू दिलं. थोड्या वेळाने म्हणाली, "पुरे. आग होती की नव्हती, ते तुझं तू बघ. मला जे माहीत आहे ते मला माहीत आहे. पण त्या गर्दीतून मला उचलणारे हात तुझे होते का?"

"होय."

"मग तेवढं खरं ना?"

"तेवढं खरं."

"आणि पडले ती तुझ्यामुळे?"

"होय."

"तेही खरं." तिने जरा विचार केला. "त्याबद्दल मला राग आहे. एवढी वर्षं आगीवर काढला, आता तुझ्यावर काढावा लागेल. तू जवळच राहतोस ना?"

"तीन गल्ल्या पलीकडे."

"मग येत जा. राग इतक्या लांबून काढता येत नाही. लेक दिवसभर कामावर असते, मला पेपर वाचून दाखवायला कुणी नाही."

टॉकीज नऊ दिवसांत जमीनदोस्त झालं. ग्रंथपालबाईंची पुस्तिका निघाली, तिच्यात बॅटरीचं म्हणणं शब्दशः छापलं होतं, आणि त्याच्या शेजारच्या पानावर म्हातारीचं. लोकांनी दोन्ही पानं वाचली आणि म्हातारीचं पान खरं मानलं. बाईंना कुणी दोष दिला नाही. नवीन आहेत, म्हणाले.

बॅटरी दर मंगळवारी आणि शुक्रवारी म्हातारीकडे पेपर वाचायला जाऊ लागला. तो सगळ्या बातम्या एकाच आवाजात वाचायचा, पूर असो की लग्न, आणि म्हातारी दर दोन ओळींनंतर म्हणायची, "जरा जीव ओतून वाच की." त्यावरून त्यांची दर वेळी खडाजंगी व्हायची. एकदा बायको त्याला न्यायला आली आणि दारातच थांबली. आत म्हातारी त्याला ताडताड बोलत होती. बॅटरी चष्मा पुसत ऐकत होता. बायकोने चपला काढल्या, आत गेली आणि म्हणाली, "आणा इकडे, मी वाचते."